सांगलीच्या सपाट रस्त्यावर सराव करून साताऱ्याचा घाट कसा पळायचा?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, विश्रामबागला राहते, वय ४३, शाळेत नोकरी. गेल्या दिवाळीनंतर पळायला लागले, म्हणजे आधी नुसतं फिरायला जात होते, मग शंभर फुटी रोडवर आमच्या चार-पाच जणींचा ग्रुप जमला आणि चालता चालता पळणं कधी सुरू झालं कळलंच नाही. फेब्रुवारीत इथल्याच एका रनमध्ये १० किमी केले, सव्वा तास लागला पण कुठं थांबले नाही. आता जाऊबाईंच्या नादानं (त्यांचं माहेर साताऱ्याचं) सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला (२१ किमी) नाव देऊन बसलेय. पैसे भरले, मेसेज आला, लय भारी वाटलं, आणि मग ही रेस ज्या यवतेश्वर घाटातून जाते त्याचा व्हिडिओ कुणीतरी पाठवला. तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

अडचण अशी की सांगलीत चढ म्हणून काही नाहीच हो. आमच्याकडचा सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे रेल्वेवरचा पूल. सपाटीवर मी आता १२-१३ किमी आरामात करते पण तो पूल आला की छाती भरून येते. त्यात आता पाऊस सुरू होणार, जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, नदीकडचे रस्ते बंद, आणि निम्म्या गावाचं लक्ष पळण्यापेक्षा सामान माळ्यावर टाकण्यात. सप्टेंबर तर उद्यावर आल्यासारखा वाटतोय.

तर विचारायचं असं, की सांगलीत राहून घाटाची तयारी होते का? कुणी केलीय का? घाट चालत गेलं तर चालतं का, की लोक हसतात? आणि सासूबाई रोज सकाळी मी बूट घालताना न चुकता सांगतात की या वयात गुडघे जातील, त्यावर काहीतरी ठोस उत्तर मिळालं तर बरं होईल, कारण आता मलाही मधूनच गुडघा आहे याची जाणीव व्हायला लागलीय.

बोगद्याजवळचा

ताई, पहिलं काम, तो व्हिडिओ डिलीट करा. घाटाचे व्हिडिओ घेणारे नेमके सगळ्यात खड्या वळणावर उभे राहतात.

मी साताऱ्याचाच, घाटात आठवड्यातून एकदा तरी असतोच त्यामुळे रस्ता कसा आहे ते सांगतो. सुरुवात गावात होते, पोवई नाक्याच्या बाजूनं वर राजवाडा, मग समर्थ मंदिर, मग बोगद्याकडे येऊन कासचा रस्ता धरायचा. मार्गात थोडाफार बदल होऊ शकतो म्हणून बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला याल तेव्हा नकाशा नीट बघून घ्या. बाहेरून येणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही की चढ घाटात सुरू होत नाही, गावातच सुरू होतो. राजवाड्याकडे जातानाच रस्ता वर वर जात असतो, समर्थ मंदिराच्या पुढं तर चांगलाच जातो, पण दोन्ही बाजूला लोक टाळ्या वाजवत असतात, बारकी पोरं हात पुढं करून उभी असतात, कुठं ढोल चालू असतो, आणि त्या भरात माणूस आपल्या रोजच्या स्पीडपेक्षा जोरात सुटतो. घाटाच्या तोंडाशी येईस्तोवर निम्मा दम संपलेला असतो आणि मग म्हणतात घाट अवघड आहे. घाट अवघड नाही, घाटाच्या आधीचं गाव अवघड आहे.

घाट लागला की एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाली सातारा, समोर अजिंक्यतारा. सप्टेंबरात धुकं असलं तर यातलं काही दिसत नाही, फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसते, आणि माझ्या मते ते बरंच असतं. चढ एकसारखा नाही. खडा तुकडा, मग वळण, मग जरा दम खायला जागा, परत खडा. यवतेश्वर गाठलं की मोठा चढ सरला, पुढं पठारावर खालीवर खालीवर असं चालतं टर्नपर्यंत. तिथनं मागं फिरायचं आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं. थोडक्यात अर्धी रेस चढ, अर्धी उतार.

चालण्याबद्दल म्हणाल तर घाटात शेकडो लोक चालतात. २०१२ पासून ही रेस चालू आहे, २०१५ ला डोंगरातल्या रनमध्ये सगळ्यात जास्त लोक पळाले म्हणून गिनीजमध्ये नाव गेलं, आता एवढ्या लोकांत काय सगळे हरीण आहेत का. कोण हसत नाही. हसायला दम कुणात असतो तिथं?

भडंग_एक्सप्रेस

सांगलीवाल्या ताईंना सांगलीवाल्याचा नमस्कार. होते हो तयारी, आमचे बरेच जण दरवर्षी जातात.

तुम्ही म्हणता तो रेल्वेचा पूल हाच आपला घाट समजायचा. पण एकदा चढून पलीकडं जायचं असं नाही, तर गुरुवारी सकाळी गाड्या सुरू व्हायच्या आत जाऊन तोच पूल वर-खाली वर-खाली करायचा. आधी चार वेळा, मग सहा, पुढं आठ-दहा. वर जाताना असा वेग ठेवायचा की तुटक तुटक बोलता आलं पाहिजे, गप्पा मारता आल्या तर फार हळू आणि एक शब्द पण निघत नसेल तर फार जोरात. खाली येताना चालत येऊ नका, हळू पळत या, त्याचं कारण खाली कुणीतरी सांगेलच. आयर्विनच्या नादी लागू नका, सकाळी तिथं फोटो चांगले येतात पण चढ काही नाही.

महिन्यातून दोन रविवार दंडोबाला जायचं. मिरजेवरून पंढरपूर रस्त्याला भोसे, तिथून डोंगर. सांगली-मिरजेच्या माणसाला जवळचा खरा चढ तोच. वर झाडी आहे, मंदिर आहे, पावसाळ्यात हिरवंगार असतं, आणि सकाळी लवकर गेलं तर मोर ओरडताना ऐकू येतात. तिथं पायथ्यापासून वर आणि खाली असं दोनदा करायचं, जमेल तसं. एकट्या बाईनं जाऊ नये असं मी म्हणणार नाही, पण एकट्या माणसानंच जाऊ नये, बाई असो नाहीतर गडी असो, रेंज सगळीकडे लागत नाही आणि ओल्या दगडावर पाय मुरगळला तर बोंब मारायची कुणाच्या नावानं.

बाकीचे दिवस आपला हरिपूर रोड आहेच, चिंचांच्या सावलीतला. पाणी आलं की तो गेला, मग विश्रामबागच्या आतल्या गल्ल्या. तेही नाही जमलं तर अपार्टमेंटचा जिना. हसू नका, पाच मजली जिना वीस मिनिटं चढ-उतार करून बघा. वॉचमनला आधी सांगून ठेवा मात्र, नाहीतर तो समजतो लिफ्ट बंद पडली.

जिममध्ये ट्रेडमिल असेल तर चार ते सहा टक्के चढ लावून चालायचं, जोरात. ट्रेडमिलनं चढाची तयारी होते, उताराची नाही होत.

सव्वादोनच्या_आत

सगळं बरोबर आहे पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चालायचंच असेल तर हाफ मॅरेथॉन कशाला म्हणायचं? मी घाट पूर्ण पळतो. मन घट्ट केलं की होतं. एकदा चालायला सुरुवात केली की परत पळायला पाय उठत नाहीत, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्यामुळे ताई, हळू पळा, गोगलगायीसारखं पळा, पण पळा.

बोगद्याजवळचा

@सव्वादोनच्या_आत भावा तुझं वय काय आणि आठवड्याला किती किलोमीटर पळतोस ते पण लिही की. तुला जे हळू पळणं आहे ते ताईंचं जोरात पळणं आहे. चढ खडा झाला की हळू पळणं आणि झपझप चालणं यात वेळेचा फरक फार थोडा पडतो, धापेत मात्र लय पडतो.

ताई, मी काय सांगतो, चालायचं ते दमल्यावर नाही, दमायच्या आधी. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, पहिल्या वळणापासूनच. घड्याळ लावून. चालताना पण हात हलवत, नजर दहा-पंधरा फूट पुढं, पावलं आखूड. गुडघ्यावर हात टेकवून कमरेत वाकून चालणारे दिसतील तुम्हाला, तसं दमेपर्यंत थांबायचंच नाही. असं ठरवून चाललेल्या बायका मी घाटमाथ्यावर मन घट्ट केलेल्या कितीतरी पोरांना मागं टाकताना बघितल्यात. त्यात एक तर साठीच्या आजी होत्या, जाता जाता मला म्हणाल्या "काय रे, पोटात दुखतंय का?"

सव्वादोनच्या_आत

वय २९, आठवड्याला ५०. ठीक आहे, मान्य, पण गावात हळू जायचं हे मात्र शंभर टक्के खरं, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

मांडी_पोटरी_फिजिओ

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, पळणारे पेशंट बरेच येतात. रेसच्या आधी फार कमी येतात, रेसनंतरच्या मंगळवारी रांग लागते. आणि येतात ते चढामुळे नाही, उतारामुळे. इथं सगळे चढाचं बोलतायत म्हणून मी उताराचं लिहिते.

चढताना धाप लागते, हृदय धडधडतं, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं काम तिथंच झालं. उतरताना दम लागत नाही म्हणून बरं वाटतं, माणूस सोडून देतो स्वतःला. पण उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक मारत असतो, आणि तोही लांब होत असताना जोर लावत असतो. स्नायूला सगळ्यात जास्त इजा होते ती अशा कामात. दहा किलोमीटर उतार म्हणजे असे हजारो ब्रेक. त्या दिवशी काही कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून उलटं उतरावं लागतं. साधारण २४ ते ७२ तासांत हे दुखणं शिगेला पोचतं आणि मग आपोआप जातं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

चांगली गोष्ट ही की स्नायूची आठवण चांगली असते. एकदा उताराचा मार खाल्ला आणि बरा झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला तो कमी दुखतो. म्हणून तयारीत उतार मुद्दाम घ्यायचा. भडंग_एक्सप्रेस यांनी पुलावरून खाली पळत या म्हटलंय ते अगदी बरोबर. दंडोबाचा शेवटचा मोठा उतार रेसच्या दोन ते तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही. शेवटच्या आठवड्यात कुणी "चल घाट बघून येऊ" म्हटलं तर गाडीतून बघून या.

उतरताना पावलं आखूड आणि भराभर. टाच लांब पुढं टाकून धाडकन आपटायची नाही, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे. मागं झुकायचं नाही, भीतीनं सगळे मागं झुकतात आणि मग सगळा भार गुडघ्यावर येतो. रस्ता ओला असेल तर पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नका, घसरतात.

घरी आठवड्यातून दोनदा एवढं करा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून एक पाय अगदी सावकाश खाली टेकवायचा, तीन आकडे मोजत, मग परत वर. दोन्ही पायांनी दहा-दहा, तीन वेळा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. टाचा उचलून पायरीच्या कडेवर वर-खाली. उताणं झोपून कंबर वर उचलणं. भाजी शिजेपर्यंत होतं सगळं.

आता सासूबाईंना सांगायचं ते. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण साधारण साडेतीन टक्के निघालं, आणि अजिबात न पळणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये दहाच्या आसपास. अगदी स्पर्धात्मक, वरच्या पातळीवर पळणाऱ्यांत मात्र तेराच्या पुढं होतं. म्हणजे पळण्यामुळेच गुडघा वाचतो असं यातून सिद्ध होत नाही, कारण मुळात ज्यांचे गुडघे बरे तेच पळतात असंही असू शकतं. पण तुमच्याएवढं पळून गुडघे जातात हे काही खरं नाही. गुडघा आहे अशी जाणीव होणं वेगळं, आणि सूज येणं, अडकणं, रात्री दुखणं वेगळं. दुसऱ्यातलं काही असेल तर दाखवा. आणि नडगीच्या हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, तर पळणं तिथंच बंद आणि तपासणी. ते हाडाला बारीक तडा जाण्याचं लक्षण असू शकतं, त्यावर मलम चोळत बसायचं नसतं.

आणि रेसच्या सकाळी दुखू नये म्हणून आधीच पेनकिलर खाणं, हे फार लोक करतात. करू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला जड जातात.

कृष्णाकाठची

अरे बापरे एवढं सगळं, मनापासून आभार सगळ्यांचे. फिजिओ मॅडम, साडेतीन आणि दहाचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या "त्या दहातली मी का?" आणि चहा ठेवायला उठल्या, उठताना गुडघ्यावर हात होताच. विषय तात्पुरता मिटलाय.

आज पुलावर जाऊन चार वेळा केलं. चौथ्यांदा खाली येताना दूधवाले काका थांबून विचारत होते काही हरवलंय का.

आता पुढचा प्रश्न, आणि हा बायकांना जास्त कळेल. रविवारी लांब पळायचं तर सोमवारी श्रावणी सोमवार. मी लहानपणापासून करतेय, सोडायचा नाहीये. शिवाय शनिवार पण असतो घरात. लांब पळून दुसऱ्या दिवशी उपवास म्हटल्यावर गेल्या वर्षी नुसतं चालूनसुद्धा चक्कर येत होती. काय खायचं?

माणदेशी_मुलगी

ताई मी माण तालुक्यातली, लग्न होऊन आता सांगलीतच. आमच्या मोहीची ललिता बाबर माहितीच असेल, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला गेली, दहावी आली, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिंपिक फायनल गाठणारी आपली पहिली बाई. दुष्काळी भागातली पोरगी पाण्यावरून उड्या मारत ऑलिंपिकला गेली, स्टीपलचेसमध्ये पाण्याचा खड्डा असतो ना. आमच्याकडे पाण्याचा खड्डा बघायला पण टँकरची वाट बघावी लागायची. असो, विषय उपवासाचा.

उपवास सोडायची काही गरज नाही, फक्त वारांचं गणित नीट बसवा. लांब पळणं रविवारी ठेवलं तर रविवारचा दिवस चांगला खायला मिळतो. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे, नुसता चहा नाही. दुपारी भाकरी, डाळ, उसळ, अंडी खात असाल तर अंडी. मग सोमवारी पळायचंच नाही, आराम. तुमचा शनिवार असेल तर मात्र बघा, शनिवारी उपाशी राहून रविवारी १६ किमी हे जमणार नाही. शनिवारी रात्री उपवास सोडताना पोटभर भात, बटाटा, असं काहीतरी घ्या.

साबुदाणा खिचडीला लोक उगाच नावं ठेवतात. पळणाऱ्याच्या पायाला जे लागतं ते पिष्ट त्यात भरपूर असतं, फक्त तेवढ्यावर भागत नाही. त्याच्याबरोबर दही, शेंगदाणे, दूध, राजगिरा, वरी असं घ्या. आणि शेंगदाण्याचा लाडू खिशात, माझं ते पळताना खायचं पाकिटातलं जेल-बिल काही नाही, लांब पळताना लाडूचे बारके तुकडे. पण रेसच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, जे सरावात पोटाला मानवलंय तेच. कंदी पेढे रेसनंतर.

आणि एक, तुम्ही रक्त तपासलंय का? हिमोग्लोबिन, आणि जमलं तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) पण. आपल्या वयाच्या बायकांत कमी असतंच बहुतेक, आणि मग आपण म्हणतो स्टॅमिना नाही, वय झालं. पूल चढताना छाती भरून येते म्हणालात म्हणून विचारतेय. जेवणानंतर लगेच चहा घेत असाल तर तो तासभर पुढं ढकला, चहानं लोह नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट बघून डॉक्टर देतील तेवढ्याच.

छाती भरून येणं म्हणजे नुसती धाप असेल तर ठीक. दुखत असेल, दाब आल्यासारखं होत असेल, डाव्या हाताला जबड्याला कळ येत असेल, किंवा घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल, तर आधी डॉक्टर, मग पूल. चाळिशीनंतर एवढं लांब पळायच्या आधी एकदा दाखवून घेतलेलं बरंच, नवऱ्याला पण न्या बरोबर.

अजून एक बायकांचं. बूट लोक हजारो रुपयांचे घेतात आणि आतले कपडे जुनेच. चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्या, पाऊस असला की जिथं जिथं कपडा घासतो तिथं व्हॅसलीन लावा, काखेत, मांडीला, पट्ट्याखाली. २१ किमी झाल्यावर अंघोळीचं पाणी अंगावर पडलं की कुठं लावायचं राहिलं ते कळतं. मोजे सुती नकोत, भिजले की फोड येतात. भिजलेले बूट उन्हात नाहीतर गॅसजवळ ठेवू नका, आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोनदा बदला, सकाळपर्यंत वाळतात.

चालणारा_जोशी

मी सगळं वाचलं. माझा बारीकसा प्रश्न, पळायला पैसे का द्यायचे? रस्ता तोच, घाट तोच, कुठल्याही मंगळवारी फुकट आहे.

भडंग_एक्सप्रेस

काका, मंगळवारी त्या घाटात कासला जाणाऱ्या गाड्या अंगावर येतात, रेसच्या सकाळी रस्ता बंद असतो. पैसे रस्ता मोकळा मिळतो त्याचे, पाण्याचे, अँब्युलन्सचे, वेळ मोजणाऱ्या चिपचे. सगळीकडं हे मिळतंच असं नाही हे पण खरं. मी एका ठिकाणी (नाव घेत नाही) पळालो तिथं मागच्या लोकांपर्यंत पाणीच उरलं नव्हतं, पुढचे पिऊन गेले, मागच्यांना नुसते ग्लास. मेडल मात्र ताटाएवढं. म्हणून नवीन रेसला जाताना आधी पळून आलेल्या, त्यातही हळू पळणाऱ्या कुणाला तरी विचारून जावं. पुढच्यांना सगळ्याच रेस चांगल्या वाटतात.

चालणारा_जोशी

हे पटलं.

बोगद्याजवळचा

पाण्यावरून आठवलं. आपल्या सप्टेंबरच्या गारव्यात तहान कमी लागते, आणि लोक घाबरून प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास ढोसतात. नुसतं पाणी फार प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते कमी पाण्यापेक्षा वाईट. तहान लागेल तसं घोट घोट, मधे एखाद-दोन ठिकाणी ओआरएस नाहीतर मीठ-साखर-लिंबू. ग्लास हातात घेतला की चालत प्या, पळत प्यायचा नाद सोडा, नाकात जातं.

वेळेचा हिशोब पण करून टाकू. तुमचे १० किमी सव्वा तासात, म्हणजे साडेसात मिनिटांना एक. चढाच्या बाजूला पळत-चालत सव्वानऊ-साडेनऊ धरा, उताराला साडेसात. साधारण तीन तासांच्या आत-बाहेर. त्यापेक्षा चांगलं झालं तर चांगलंच, पण घरून निघताना डोक्यात तीन तास ठेवा. कटऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची वेळ, किती आहे ते तुमच्या रजिस्ट्रेशनच्या मेलमध्ये बघा. चिप असते त्यामुळे तुमची वेळ तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडल्यावर सुरू होते, पुढं घुसायची घाई करू नका, मागं उभ्या राहा. मागं उभं राहिलं की गावात आपोआप हळू जाणं होतं, हा फायदा वेगळाच.

मुक्काम आदल्या दिवशी साताऱ्यातच करा, जाऊबाईंचं माहेर आहे म्हणालात तर प्रश्नच नाही. सांगलीहून १२० किमीच्या आसपास पडतं, पहाटे निघून पळायला येणारे बघितलेत, गाडीत अंग आखडलेलं असतं. रेल्वेनं येणार असाल तर लक्षात ठेवा स्टेशन माहुलीच्या बाजूला आहे, गावात नाही, रिक्षा करावी लागेल. बिब आदल्या दिवशीच घ्यायचा असतो, तिथं गर्दीत तास-दोन तास उभं राहून पाय दुखवून घेऊ नका, माहेरच्या कुणाला चालत असेल तर पाठवा, पण आधी नियम बघा, काही ठिकाणी स्वतःच यावं लागतं.

आणि आदल्या रात्री माहेरची माणसं जेवायला आग्रह करणार. जाऊबाईंना आत्ताच सांगून ठेवा.

कृष्णाकाठची

जाऊबाई म्हणतात त्यांच्या आईनं मेनू ठरवलाय, पुरणपोळी आणि कटाची आमटी. एकवीस किलोमीटर पळणार म्हणजे ताकद पाहिजे म्हणे.

मांडी_पोटरी_फिजिओ

रेसनंतर दुपारी. आदल्या रात्री साधा वरण-भात-बटाटा, तिखट कमी, आठच्या आत. कटाची आमटी घाटात वर येते.

माणदेशी_मुलगी

ताई एक विचारू का, मी पण यंदा नाव दिलंय आणि दंडोबाला बरोबर कुणी नाही म्हणून आजवर टाळत होते. पुढच्या रविवारी जायचं का? माझ्याकडं स्कूटर आहे, पण पावसात मिरजेच्या पुढं स्कूटरवर नको वाटतं.

भडंग_एक्सप्रेस

आमची एक गाडी जातेच त्या रविवारी, मागच्या सीटवर दोन जागा आहेत. विश्रामबाग चौकात पहाटे सव्वापाचला. एक जादा टी-शर्ट, टॉवेल, आणि गाडीत बसताना खाली टाकायला जुनं पोतं घेऊन या, गेल्या वेळी चिखलानं सीटची वाट लागली, बायकोनं अजून माफ केलेलं नाही.

कृष्णाकाठची

आम्ही दोघी आलोच. पोतं माझ्याकडून, सव्वापाचच्या आधी चौकात असते.